प्लॅन पास होण्याआधी

येत्या वर्षभरात घर बांधायचं तुमच्या मनात असेल, तर हा लेख आत्ताच वाचावा. पाया खणून झाल्यावर यातला निम्मा मजकूर तुमच्या कामाचा राहणार नाही. स्लॅब पडल्यावर तर फक्त गच्चीचा आणि सोलरचा भाग उरेल. पर्यावरणाला आणि खिशाला झेपणाऱ्या घराचे बहुतेक निर्णय कागदावरच घ्यायचे असतात, आणि तिथे ते जवळजवळ फुकट पडतात. तेच निर्णय पुढे ढकलले की त्यांचे पैसे लागतात.

असं घर कसं बांधायचं, हे आपल्याकडे अनेक वर्षांपासून माहीत आहे. लॉरी बेकर यांनी १९७० च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा परिसर विटांच्या पोकळ भिंतींनी आणि जाळीदार खिडक्यांनी उभा केला. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने मातीच्या भिंती आणि कौलांची कमानी छपरं यांवर वर्षानुवर्षं काम केलं. ऑरोविलमध्ये दाबून केलेल्या मातीच्या विटांचं शिक्षण मिळतं. सरकारी बाजूनेही पावलं पडली. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. व्यावसायिक इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ ची, तर घरांसाठीची इको-निवास संहिता २०१८ ची. तरीही तालुक्याच्या गावात आज बांधलं जाणारं साधं दोन खोल्यांचं घर पाहा. पश्चिमेला मोठी खिडकी, तिच्यावर वीतभर छज्जा, काळपट गच्ची, आणि एप्रिलपासून रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी तापलेली खोली.

लोकांना पर्यावरणाची पर्वा नाही म्हणून हे घडतं, असं मला वाटत नाही. अडचण पैशाच्या वाटेत आहे. घरावर जो खर्च करतो, जो निर्णय घेतो आणि ज्याला त्याचा लाभ होतो, ही बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं असतात. बिल्डरने भिंतीत चांगली सामग्री वापरली तर खर्च त्याचा, पण वीजबिल वाचणार फ्लॅटमध्ये राहणाऱ्याचं. सरकारी इमारतीचं अंदाजपत्रक दरसूचीवरून होतं. सूचीत नसलेली बाब घ्यायची तर अभियंत्याला वेगळं दर-पृथक्करण करून मंजुरी आणावी लागते. निविदा सर्वांत कमी बांधकाम खर्चाला मिळते आणि पुढची वीस वर्षं विजेचं बिल दुसऱ्याच खात्यातून भरलं जातं. ठेकेदाराला चौरस फुटावर पैसे मिळतात, म्हणजे नव्या पद्धतीत लागणारा जास्तीचा वेळ त्याच्या अंगावर पडतो. यांतल्या कुणालाच चांगलं बांधायचं कारण उरत नाही.

स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी घर बांधणारा माणूस मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. खर्च त्याचा, निर्णय त्याचा आणि तीस-चाळीस वर्षांचा लाभही त्याचाच. सरकारच्या बहुतेक सवलती त्याच्यापर्यंत पोचत नाहीत हे खरं, पण सर्वांत मोठं प्रोत्साहन त्याच्या हातात आधीच आहे. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. फ्लॅट घेणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी सवलतींचं पाहू, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतींना जादा एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र, आहे. ‘गृह’ मानांकनाचे तीन तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयवर ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. विकसकाला हे आकर्षक आहे, कारण जादा एफएसआय म्हणजे विकायला जादा क्षेत्र. एका गुंठ्यावर दोन खोल्या बांधणाऱ्याला मात्र मूळचाच एफएसआय पुरून उरतो, ७ टक्के घेऊन तो काय करणार? पिंपरी-चिंचवड महापालिकेने मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पांना प्रीमियममध्ये आणि तिथे राहणाऱ्यांना मिळकतकरात सूट दिली. माझ्या मते ती जास्त शहाणपणाची पद्धत आहे, कारण राहणाऱ्याच्या हातात दरवर्षी काहीतरी पडतं. पुणे महापालिका सौर यंत्रणा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक केली तर १० टक्के सूट देते. तुमच्या नगरपालिकेत असं काही आहे का, हे करविभागात विचारा. असलेली सूटही अर्ज केल्याशिवाय मिळत नाही आणि यंत्रणा चालू असल्याचं दाखवावं लागतं.

छोट्या घराला थेट मिळणारी ठोस रक्कम सौरऊर्जेची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. पॅनल भारतात बनलेल्या सेलचे हवेत, जोडणी ग्रीडशी हवी, आणि पैसे काम पूर्ण होऊन नेट मीटर बसल्यावर खात्यात येतात. म्हणजे सुरुवातीची रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पॅनलची जागा प्लॅन काढतानाच ठरवावी. जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी गच्चीच्या दक्षिणेला बांधली, तर ऐन हिवाळ्यात त्यांची सावली पॅनलवर पडते. त्या दोन्ही उत्तरेच्या बाजूला घेतल्या तर दक्षिणेचं ऊन मोकळं मिळतं. हे चित्र कागदावर पाच मिनिटांत बदलता येतं.

आता प्लॅनकडे येऊ. आपल्याकडे घर तापतं ते प्रामुख्याने दोन वाटांनी, वरच्या स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे पश्चिमेच्या खिडकीवर कितीही लांब छज्जा काढला तरी ते आत शिरतंच. म्हणून पश्चिमेला जिना, बाथरूम, कोठीची खोली किंवा कपाटांची भिंत घ्यावी आणि झोपायची खोली तिकडे देऊ नये. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवता आली तर उत्तमच, कारण दक्षिणेचं उन्हाळी ऊन डोक्यावरून जातं आणि दोन फुटांचा छज्जा त्याला पुरतो. वारा आत यायला एक खिडकी आणि बाहेर जायला समोरच्या भिंतीत दुसरी हवी, एकाच भिंतीतल्या दोन खिडक्यांनी खोलीत हवा खेळती राहत नाही. रस्ता नेमका पश्चिमेला असेल आणि दर्शनी बाजू तिकडेच ठेवणं भाग असेल, तर पुढे पडवी काढा. जुन्या घरांत पडवी होती ती याच कामासाठी.

वास्तुशास्त्रावर घरात वाद होऊ देऊ नका. आग्नेयेला स्वयंपाकघर आणि नैर्ऋत्येला जड भिंती, कपाटं ही मांडणी उन्हाच्या हिशेबाशी बऱ्याच अंशी जुळते. घरातल्या वडीलधाऱ्यांचं मन राखूनही बहुतेक गोष्टी साधतात.

प्लॅननंतर सांगाड्याचा प्रश्न. गेल्या तीस वर्षांत एकमजली घरालाही आरसीसी कॉलम-बीमचा सांगाडा घालायची रीत पडली आहे. वर आणखी दोन मजले चढवायचे असतील तर ती बरोबर आहे. पण ज्यांना तळमजला आणि फार तर पहिला मजलाच बांधायचा आहे, त्यांचं घर भारवाहू भिंतींवर सुरक्षितपणे उभं राहू शकतं. त्यात सिमेंट आणि लोखंड दोन्ही कमी लागतं. अट अशी की जोत्याच्या, लिंटलच्या आणि छताच्या पातळीला काँक्रीटचे सलग पट्टे हवेत, कोपऱ्यांत उभ्या सळ्या हव्यात आणि पाया मुरमापर्यंत पोचलेला हवा. काळ्या मातीत हे शेवटचं फार महत्त्वाचं. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि उथळ पायावरची भिंत दोन वर्षांत तिरकी चिरते. तिथे काय करायचं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरलाच ठरवू द्या. त्याची फी वाचवून मिस्त्रीच्या अंदाजाने सळ्या बांधणं ही महाराष्ट्रातली सर्वांत महागडी काटकसर आहे. अंदाजाने बांधणारा माणूस जिथे गरज नाही तिथे जास्त लोखंड घालतो आणि जिथे गरज आहे तिथे कमी.

इथे किल्लारीच्या भूकंपाबद्दल बोलायलाच हवं. दगड-मातीच्या घराचा विषय काढला की मराठवाड्यात ताबडतोब तीच आठवण निघते, आणि ती निघणं योग्यच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच घराखाली गाडली गेली. तो भाग त्या काळी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोजला जात होता. तेव्हापासून तिथल्या लोकांनी माती आणि दगड नाकारले, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण ती घरं का पडली हे नीट समजून घ्यायला हवं. भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, पण आतला आणि बाहेरचा दगडी थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. मधे मातीचा आणि दगडगोट्यांचा भराव होता. वर लाकडी माळवदावर फूट-दोन फूट मातीचा थर. दरवर्षी गळती थांबवायला त्यावर आणखी पांढरी माती पडत गेली आणि वजन वाढत गेलं. हादरा बसताच भिंतीचे दोन्ही थर फुगून सुटे झाले आणि सगळं वजन खाली आलं. त्याच वर्षी मातीच्या आणि कमी ताकदीच्या दगडी बांधकामांसाठी भारतीय मानकं निघाली, आयएस १३८२७ आणि आयएस १३८२८. आरपार दगड किती अंतरावर, पट्टे कुठे, भोकं किती मोठी, हे सगळं त्यांत आहे. मातीचा विचार करत असाल तर या दोन मानकांप्रमाणे काम करणारा इंजिनिअर शोधा. तो मिळत नसेल तर मातीचा आग्रह सोडा आणि विटांकडे वळा. सुरक्षिततेपुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

माती टिकत नाही हा समज मात्र खरा नाही. सेवाग्रामच्या १९३६ च्या आसपासच्या कुट्या आजही उभ्या आहेत. त्यांचं रहस्य म्हणजे लांब पागोळ्या, उंच जोतं आणि न चुकता होणारी डागडुजी. ज्याला दरवर्षी पावसाळ्याआधी सारवण आणि कौलं पाहायला वेळ नाही, त्याने मातीच्या भिंतीच्या नादी लागू नये.

भिंतीसाठी तुमच्या भागात काय मिळतं, तिथूनच सुरुवात करा. पन्नास किलोमीटरवरून आलेल्या साहित्याला ट्रकचं भाडं आणि डिझेल दोन्ही चिकटलेलं असतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचा चिरा आहे. खाणीतून काढताना मऊ असलेला जांभा हवेवर कडक होतो, त्याला बाहेरून गिलाव्याची गरज नसते, आणि गवंड्यांच्या पिढ्या त्यावर तयार झालेल्या आहेत. तिथे विटा आणि सिपोरेक्सचे ब्लॉक बाहेरून मागवणं मला पटत नाही. विदर्भात आणि खानदेशात औष्णिक वीजकेंद्रांची राख आहे. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, पारस, शिवाय मराठवाड्यात परळी आणि नाशिकजवळ एकलहरे. या केंद्रांच्या आसपास राखेच्या विटांचे कारखाने आहेत. केंद्र सरकारने १९९९ पासून राखेच्या वापराच्या अधिसूचना काढल्या, कारण मातीच्या विटेला शेताचा वरचा सुपीक थर जातो आणि वीजकेंद्राकडे राखेचे डोंगर साठतात.

राखेच्या विटा कमकुवत असतात ही तक्रार अनेकदा खरी असते, कारण छोटे कारखाने सिमेंट आणि पाणी मारणं दोन्हींत हात आखडतात. म्हणून गाडी उतरवून घेण्याआधी स्वतः तपासा. पाच विटा उन्हात कोरड्या करून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करा, चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. वजन पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वाढलं तर गाडी परत पाठवा. भाजलेल्या विटेलाही साधारण हीच कसोटी लागते. दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज यावा, आणि नखाने ओरखडा पडू नये. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

सिपोरेक्स म्हणून बाजारात ओळखले जाणारे एएसी ब्लॉक वजनाला विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतात आणि उष्णता कमी आत सोडतात. मजले जास्त असतील तर या हलकेपणामुळे खालचं लोखंडही वाचतं. लोकांची तक्रार तड्यांची आहे. तडे येतात ते बहुतेक वेळा विटेच्या सवयीने काम केल्यामुळे. गवंडी ब्लॉक हौदात भिजत टाकतो, जाड मसाल्यात बसवतो आणि ओल्या भिंतीवर लगेच गिलावा मारतो. हा ब्लॉक पातळ जोडमसाल्यात, पृष्ठभाग नुसता ओलसर करून बसवायचा असतो, आणि काँक्रीटच्या कॉलमला जिथे भिडतो तिथे गिलाव्याखाली जाळी ठोकायची असते. ज्या गवंड्याने हे आधी केलेलं नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका.

विटांच्या भिंतीसाठी बेकर यांनी रुजवलेली रॅट-ट्रॅप पद्धत मला सर्वांत जास्त आवडते. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतात, भिंत नऊ इंचांचीच राहते, मधे पोकळी तयार होते, आणि सुमारे पाव हिस्सा विटा आणि बराचसा मसाला वाचतो. पोकळीतली हवा उन्हाला अडवते. पण तिचे नियम आहेत. विटा एकसारख्या मापाच्या हव्यात. मसाला पसरताना पोकळीवर लाकडी पट्टी धरावी लागते, नाहीतर तो आत पडून पोकळी भरते. दारं-खिडक्यांच्या कडा, खिडकीची खालची आणि वरची ओळ भरीव ठेवावी लागते. विजेचे पाइप कुठून जाणार हे आधी ठरवावं लागतं, कारण नंतर झिरी पाडता येत नाही. ज्या भिंतीवर पावसाची झड थेट येते तिला गिलावा किंवा लांब छप्पर हवंच.

खरी अडचण पद्धतीत नाही, गवंड्याच्या मजुरीत आहे. चौरस फुटाच्या दराने काम घेतलेल्या माणसाला तुम्ही नवी पद्धत शिकायला सांगता, तेव्हा तुम्ही त्याच्या रोजच्या कमाईतून पैसे मागत असता. तो ‘असलं काही टिकत नाही, साहेब’ म्हणतो, ते बऱ्याचदा या भीतीपोटी. उपाय सरळ आहे. पहिल्या आठवड्यात त्याला रोजंदारीवर घ्या आणि कंपाउंडची किंवा मागच्या न्हाणीची पाच-सहा फूट लांब नमुना भिंत बांधून घ्या. इंजिनिअर तिथे उभा राहू दे. भिंत चुकली तर पाडा, पुन्हा बांधू दे, दोन्ही दिवसांची मजुरी द्या. हात बसला की दर ठरवा, आणि नेहमीच्या दरापेक्षा थोडा वाढवून द्या. वाचलेल्या विटांच्या पैशांतून तो सहज निघतो. शिकलेला गवंडी ते काम पुढच्या घरात घेऊन जातो, आणि माझ्या अनुभवात कुठल्याही सरकारी परिपत्रकापेक्षा ही वाट अधिक लांब पोचते.

सिमेंटबद्दल. चुनखडी सुमारे १४५० अंशांना भाजली जाते तेव्हा इंधनाचा धूर वेगळाच, चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणून सिमेंट कमी वापरणं आणि चुनखडी भाजून बनणारं क्लिंकर कमी असलेलं सिमेंट वापरणं, या दोनच वाटा आहेत. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के राख असते आणि ते साध्या ओपीसीपेक्षा सहसा स्वस्तही पडतं. किनाऱ्यावर स्लॅगचं सिमेंट घ्यावं, खाऱ्या हवेत सळ्या जास्त टिकतात. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळून केलेल्या नव्या सिमेंटचंही भारतीय मानक २०२३ मध्ये आलं आहे. ते तुमच्या गावात मिळू लागेल तेव्हा मानकाचा क्रमांक पाहून घ्या, आयएस १८१८९. पीपीसी हळू पक्व होतं, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची. ओपीसीला किमान सात दिवस पाणी मारतात, याला किमान दहा, आणि उन्हाळ्यात चौदा. स्लॅबवर वाळूची आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. पाणी मारायची जबाबदारी कुणाची हे करारात लिहा. नाहीतर ती बहुतेक वेळा कुणाचीच नसते.

स्लॅबच्या दिवशी मिक्सरजवळ स्वतः उभे राहा. त्या दिवशी घरचे पाहुण्यांच्या जेवणात गुंतलेले असतात आणि नेमकं तिथेच काँक्रीट बिघडतं. खडी, वाळू, सिमेंट पडल्यावर मिक्सरवाला बादली ओततो, मसाला घट्ट वाटला की दुसरी अर्धी ओततो, कारण पातळ मसाला ओढायला सोपा जातो. एका गोणीला, म्हणजे ५० किलो सिमेंटला, पाणी २५ लिटरच्या आत हवं, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्यांतून पुढे स्लॅब पाझरतो आणि सळी गंजते. बादलीवर लिटरच्या खुणा रंगाने करा आणि एका माणसाला फक्त तेवढंच काम द्या. तीस वर्षांत पाडावं न लागणारं घर हेच सर्वांत कमी सिमेंटचं घर, म्हणून ही बादली मला सोलर पॅनलइतकीच महत्त्वाची वाटते.

वाळू नदीची न घेता धुतलेली क्रश सँड घ्या. आयएस ३८३ ने २०१६ पासून तिला आणि काही प्रमाणात जुन्या काँक्रीटच्या खडीलाही मान्यता दिली आहे. क्रशरची डस्ट म्हणजे क्रश सँड नव्हे. डस्ट स्वस्त असते, ती जोत्याच्या भरावात चालेल, स्लॅबमध्ये नाही. जुनं घर पाडत असाल तर सागवानी चौकटी, घडीव दगड, मंगळुरी कौलं विकायची घाई करू नका. विटांचे तुकडे जोत्यात आणि गच्चीच्या कोब्यात जातात.

गच्चीला पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा, किंवा तेवढं बजेट नसेल तर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या. खालच्या खोलीत फरक पहिल्याच दुपारी जाणवतो, पंखा एक आकडा कमी फिरतो. पावसाच्या पाण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ६५ हजार लिटर पाणी येतं. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी ५० हजार लिटर उरतं. ते गटारात जाऊ द्यायचं आणि मेमध्ये टँकर बोलवायचा, ही बीड-सोलापूरकडची रीत आता पुरे. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारा कॉक, वाळू-खडीची गाळणी, आणि मग बोअर किंवा शोषखड्डा. काळ्या मातीत शोषखड्डा घराच्या पायापासून लांब घ्या.

कर्जाची अडचण खरी आहे. बँकेचा मूल्यांकनकार आरसीसीला ओळखतो, मातीच्या किंवा बांबूच्या भिंतीला ओळखत नाही. बांबू तर वन कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेर वाढवला असेल तर कायद्याने वृक्षही राहिलेला नाही, तोड-वाहतुकीचा तो अडसर गेला. कुडाळच्या कोनबॅकसारख्या संस्था प्रक्रिया केलेल्या बांबूची बांधकामं करतात. तरीही कर्जाच्या फाइलमध्ये तो अजून बसत नाही. कर्ज घ्यायचं असेल तर मुख्य भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या ठेवा, बांबू पडवीला, माळ्याला, गोठ्याला वापरा. इंजिनिअरच्या सहीचा नकाशा आणि तपशीलवार अंदाजपत्रक बँकेला आधी दाखवा. ग्रामीण घरकुल योजनेत मैदानी भागात १,२०,००० रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं हवं. एवढ्या रकमेत रॅट-ट्रॅप भिंत आणि कौलारू छप्पर यांचा विचार खरोखर करण्यासारखा आहे. ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या नावाने प्रदेशवार घरांचे नमुने छापले आहेत, ते पंचायत समितीच्या अभियंत्याकडे मागा.

फ्लॅट घेणाऱ्यांनी जाहिरातीतल्या हिरव्या पानाच्या चित्रावर विश्वास ठेवू नये. ‘प्री-सर्टिफाइड’ म्हणजे आराखड्याला दिलेलं प्राथमिक मानांकन, इमारत पूर्ण झाल्यावरचं प्रमाणपत्र वेगळं असतं. ते दाखवा म्हणा. महाराष्ट्राच्या नियमावलीत कबूल केलेलं मानांकन भोगवट्याच्या वेळी मिळालं नाही तर विकसकाला दंड आहे, म्हणून हा प्रश्न विचारायला संकोच नको. भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेला इको-निवास संहितेत प्रति चौरस मीटर १५ वॉटची मर्यादा आहे, तुमच्या इमारतीचा आकडा किती ते लेखी मागा. ज्याने हिशेब केला असेल तो लगेच देईल. सांडपाणी प्रक्रिया यंत्र चालू आहे का, हे त्याच बिल्डरच्या दोन-तीन वर्षं जुन्या सोसायटीत जाऊन तिथल्या सेक्रेटरीला विचारा, आणि महिन्याचं वीजबिल किती येतं तेही.

राहता राहिली गावाची बाब. ग्रामपंचायतीची घरपट्टी बांधकामाच्या प्रकारानुसार ठरते. पण गच्चीचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या किंवा घरचं सांडपाणी परसबागेला वळवणाऱ्या घराला घरपट्टीत सूट देण्याचा विषय फारच थोड्या ग्रामसभांत निघतो. विकसकांना जादा एफएसआय मिळवून देण्यासाठी त्यांच्या संघटना वर्षानुवर्षं मंत्रालयात बसल्या. एका गुंठ्यावर बांधणाऱ्यांची संघटना नाही. तुमच्या वॉर्डात यंदा दहा घरं उठणार असतील, तर त्या दहा जणांनी मिळून पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी द्यावा. सोबत आपापल्या गच्चीचं क्षेत्रफळ आणि त्यावरून निघणारं पाणी मांडावं, म्हणजे ग्रामसेवकाला आणि सरपंचाला आकडा समोर दिसेल.